मूळ गाव कोणते?

भाद्रपदाच्या वद्य पक्षात क्षिप्रेच्या रामघाटावर पहाटेपासून वर्दळ असते. पिंडदानासाठी आलेल्या यजमानास पंडा तीन गोष्टी विचारतो: जात, गोत्र आणि गाव. उज्जयिनीत आठ-नऊ पिढ्या घालविलेल्या दक्षिणी गृहस्थास पहिल्या दोहोंची उत्तरे तोंडपाठ असतात. तिसऱ्या प्रश्नापाशी मात्र तो थबकतो. गाव उज्जैनच, असे त्याने म्हटले की पंडा मान हलवितो आणि पुन्हा विचारतो, ‘‘ते झाले. मूळ गाव कोणते?’’ वही उघडावयाची ती त्या गावाच्या नावावर. नाव ठाऊक नसेल तर वही असूनही नसल्यासारखीच.

ही अडचण एकट्या-दुकट्याची नाही. इंदूर, धार, देवास, उज्जैन, ग्वाल्हेर या पट्ट्यात वसलेल्या हजारो मराठी कुटुंबांची ती आहे. घरात मराठी बोलली जाते, गौरी-गणपती बसतात, देवघरात टाक असतात. परंतु ते टाक कोणत्या गावाहून आले, हे सांगणारी आजी केव्हाच निवर्तलेली असते.

नर्मदा उतरून माळव्यात शिरणारा पहिला मराठा सरदार म्हणून कृष्णाजी सावंताचे नाव इतिहासकार घेतात. ते साल १६९९. त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षे केवळ स्वाऱ्यांची होती. दसरा झाला की निघावे, खंडणी वसूल करावी आणि पावसाळ्यापूर्वी परत फिरावे, असा तो क्रम. अशा स्वारीत कुटुंबे जात नाहीत. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी चिमाजी आप्पाने अमझेरा येथे सुभेदार गिरिधर बहादुराचा पराभव केला. सुभेदार आणि त्याचा नातलग दया बहादूर दोघेही रणात पडले. त्यानंतर लवकरच, १७३१–३२ च्या सुमारास, शिंदे, होळकर व पवार यांच्यात माळव्याच्या वसुलाची वाटणी झाली आणि उज्जयिनी राणोजी शिंद्यांकडे आली. वाटणी झाली म्हणजे वसूल आला, वसूल आला म्हणजे कमावीसदार आला, आणि कमावीसदारामागून फडणीस, पोतनीस, दप्तरदार, कारकून, उपाध्ये, वैद्य, सोनार, शिंपी असा सारा संसार नर्मदापार झाला. मराठी कुटुंबे माळव्यात स्थायिक झाली ती या वेळेपासून. ज्यांची वंशावळ त्याहून मागे जाऊन पूर्वजास उज्जैनचाच ठरविते, त्यांनी ती पुन्हा एकदा तपासावी हे बरे.

राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार करविला. नाशिकच्या सिंहस्थासारखा मेळा उज्जयिनीस भरू लागला तोही राणोजींच्या काळापासून, असे परंपरा सांगते. एकूण हे शहर शिंद्यांच्या छत्राखाली नव्याने वसले आणि १८१० मध्ये दौलतरावांनी ग्वाल्हेरजवळ लष्कर येथे राजधानी नेईपर्यंत तेच शिंद्यांचे मुख्य ठाणे राहिले.

थोरांच्या वंशावळी मिळतात, पण त्या जशाच्या तशा खऱ्या मानण्यात धोका आहे. सर जॉन माल्कमने १८२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानावरील ग्रंथात राणोजींची एक कथा नोंदविली आहे. पेशवे शाहू महाराजांच्या भेटीहून बाहेर आले, तो जोडे सांभाळणारा राणोजी ते छातीशी घट्ट धरून झोपी गेलेला दिसला. त्या निष्ठेवर प्रसन्न होऊन त्यांनी त्यास वर चढविले. कथा गोड आहे आणि माळव्यात घरोघर सांगितली जात असे. परंतु शिंदे हे सातारा प्रांतातील कण्हेरखेडचे वतनदार पाटील होते. औरंगजेबाच्या छावणीत कैदेत असलेल्या शाहूंना याच कण्हेरखेडच्या शिंद्यांच्या घरची मुलगी दिलेली होती. राजघराण्याशी सोयरीक झालेल्या कुळातील तरुण पागेत शिरून चाकरी करील हे संभवते. पण त्याला अगदी निष्कांचन हुजऱ्या ठरविणे हे गोष्ट रंगविण्यासाठी केलेले दिसते. वंशावळीत पूर्वजाला उंच नेणारे पुष्कळ असतात. मुद्दाम खाली आणणारी ही कथा म्हणूनच लक्षात घेण्याजोगी आहे. नोकराचा सरदार झाला असे दाखविले म्हणजे धन्याचे औदार्य वाढते, आणि कथा सांगणाऱ्या गरिबालाही थोडी आशा राहते.

उलट प्रकार धारच्या पवारांचा. माळव्याचे परमार आणि महाराष्ट्रातील पवार एकच, धार हे आपले पूर्वजांचे नगर, आणि अठराव्या शतकात आपण ते जिंकले नाही, परत मिळविले, अशी त्या घराण्याची परंपरा. नावांचे साम्य उघड आहे, आणि परमारांच्या काही शाखा दक्षिणेकडे सरकल्या असतील हेही अशक्य नाही. तथापि १३०५ मध्ये माळवा अलाउद्दीन खलजीच्या हाती गेला आणि पवारांचे निशाण धारेवर लागले ते त्यानंतर सव्वाचारशे वर्षांनी. पिढीला तीस वर्षे धरली तर मधल्या काळात चौदा पिढ्या होतात. चौदा पिढ्यांचा दुवा एका आडनावावर तोलून धरणे इतिहासाला जमत नाही, भाटाला जमते.

परंतु वंशावळ ही केवळ अभिमानाची बाब नव्हती. तिच्यावर दौलती उभ्या राहत आणि कोसळत. राणोजींचे पुत्र जयाप्पा १७५५ मध्ये नागोरपाशी मारले गेले, दत्ताजी १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर पडले, आणि जयाप्पांचा मुलगा जनकोजी पानिपतानंतर शत्रूच्या हाती सापडून मारला गेला. उरले महादजी, पण ते राणोजींच्या औरस संततीपैकी नव्हेत, हा आक्षेप. केदारजी आणि मानाजी शिंदे यांचे हक्क पुढे केले गेले, आणि पुण्याच्या दरबारात हा कज्जा अनेक वर्षे घोळला. १७६८ मध्ये थोरल्या माधवरावांनी महादजींच्या बाजूने निर्णय दिला नसता तर पुढील पंचवीस वर्षांचा दिल्लीचा इतिहास निराळा झाला असता. स्वतः महादजींना पुत्र नव्हता. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीस त्यांचे निधन झाले, तेव्हा भाऊ तुकोजी यांचा नातू दौलतराव गादीवर आला, आणि महादजींच्या विधवा स्त्रियांनी त्याच्याविरुद्ध जो झगडा मांडला तो ‘शिंदे बायांचे बंड’ म्हणून प्रसिद्ध आहे. दौलतरावही १८२७ मध्ये निपुत्रिक वारले. बायजाबाईंनी दूरच्या भाऊबंदांतून एक मुलगा निवडून दत्तक घेतला, तो दुसरा जनकोजीराव. १८४३ मध्ये तोही निपुत्रिक गेला व पुन्हा दत्तकविधी झाला. अशा वेळी भावकीतील कोणत्या शाखेचे रक्त जवळचे, हे सांगणारा कागद लाख मोलाचा ठरे. आणि लाख मोलाचा कागद तयार करणारेही निघत.

सामान्य घराचे काय? त्याच्यापाशी सनद नसते आणि बखरही नसते. तरी शोधणाऱ्याचे हात अगदीच रिकामे राहत नाहीत. पहिले साधन घरातच असते, ती महालयाची यादी. श्राद्धात पिता, पितामह, प्रपितामह अशा तीन पिढ्यांची नावे उच्चारावी लागतात. तशीच माता, पितामही, प्रपितामही यांचीही, आणि आईच्या माहेरचे मातामहादी तीन पुरुषही. पक्षपंधरवड्यात चुलते, आत्या, मावश्या, सासरे यांचीही नावे येतात. उपाध्यायाने सोयीसाठी ही यादी कागदावर उतरवून ठेवलेली असते आणि बाप गेला की मुलगा तीत एक नाव वाढवितो. जुन्या याद्या एकापुढे एक मांडल्या की पाच-सहा पिढ्या सहज उलगडतात. विशेष असे की तीर्थावरच्या वह्यांत पुष्कळदा पुरुषांचीच साखळी भरलेली असते, आणि घरातील स्त्रियांची नावे या श्राद्धाच्या कागदानेच जपलेली असतात. अर्थात ती सासरची नावे. माहेरी तिला काय म्हणत, हे कोणत्याच कागदावर सापडण्याची आशा थोडी.

दुसरे साधन जन्मपत्रिका. ज्योतिषाने लांबलचक गुंडाळीच्या आरंभी शक, संवत, तिथी, घटका यांबरोबर बाप-आजांची नावे आणि बहुधा जन्मस्थळही लिहिलेले असते. लग्न जमल्यावर पत्रिकेचे काम संपले असे समजून ती पेटीच्या तळाशी टाकली जाते. वंशावळीच्या दृष्टीने मात्र तिचे काम तेथूनच सुरू होते.

तिसरे साधन तीर्थोपाध्यायांच्या वह्या. रामघाटावर आणि सिद्धवटावर उज्जयिनीचे पंडे आहेत. पण मराठी घराचा शोध उज्जैनच्या वहीत संपत नाही. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, प्रयाग, गया, जेथे जेथे पूर्वज गेला तेथे तेथे त्याने आपल्या हाताने लेख लिहून दिला असण्याचा संभव असतो: अमुक गोत्र, अमुकाचा मुलगा, अमुकाचा नातू, भाऊ हे, मुले ही, वस्ती उज्जैन, मूळ राहणार अमुक. हे शेवटचे दोन शब्द ज्याला सापडले त्याने अर्धी लढाई जिंकली. नाशिकची वही त्यातही महत्त्वाची, कारण नर्मदा उतरण्यापूर्वीची पिढी गोदावरीवर स्नान करून गेली असेल तर त्या वहीत बाप देशावरचा आणि मुलगा माळव्यातला, असा सांधा दिसू शकतो.

लेख सापडला तरी तो वाचता येणे ही निराळी गोष्ट. जुने लेख मोडीत असतात, आणि मोडी वाचणारे हात आता बोटांवर मोजण्याइतके. एकदा ‘व’चा ‘ब’ किंवा ‘खेड’चे ‘वेड’ झाले की शोध करणारा चार जिल्ह्यांत भलत्याच गावाचा माग काढीत हिंडतो.

त्याहून मोठा फसवा डोह म्हणजे कालगणना. दक्षिणी मनुष्य शालिवाहन शक लिहितो, उज्जैनचा पंडा विक्रम संवत लिहितो, आणि सरकारी कागदावर शुहूर सन असतो. पानिपतचा तो हिवाळा घ्यावा. शके १६८२, संवत १८१७ आणि ‘सन इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१, या तिन्ही आकड्यांचा अर्थ एकच, पौष शुद्ध अष्टमी, १४ जानेवारी १७६१ चा तो काळ. हे न कळल्यामुळे एकाच गृहस्थाचे तीन पूर्वज केल्याची उदाहरणे हौशी वंशावळींत आढळतात. महिन्यांचाही घोळ आहे. दक्षिणेत महिना अमावास्येस संपतो, उत्तरेत पौर्णिमेस. शुद्ध पक्षात दोघांचे एकमत. वद्य पक्षात मात्र उत्तरेचा महिना एक पाऊल पुढे असतो. जो पितृपक्ष मराठी घरात भाद्रपद वद्य, तोच पंड्याच्या वहीत आश्विन कृष्ण. आजोबांची तिथी घरच्या यादीत भाद्रपद वद्य षष्ठी आणि वहीत आश्विन कृष्ण षष्ठी अशी आढळली म्हणजे कोणी तरी चुकले असे नव्हे. दोघेही बरोबर आहेत, आणि माणूस एकच आहे.

नावांचा गुंता असाच. आजाचे नाव नातवाला ठेवण्याची रीत असल्याने बाळाजी नारायण, नारायण बाळाजी, पुन्हा बाळाजी नारायण असा रहाट फिरत राहतो, आणि पेशवाईतील कागदांवर आडनाव बहुधा नसतेच. सही असते ती ‘बाळाजी नारायण’ एवढीच. तो खापरपणजा की पणजा, हे सालावरून ठरवावे लागते. राणोजींच्या काळापासून आजवर सुमारे दोनशे नव्वद वर्षे झाली. म्हणजे साधारण दहा पिढ्या व्हाव्यात. ज्या घराच्या वंशवृक्षात सहाच भरतात, तेथे दोन बाळाजी एकमेकांत विरून गेले आहेत असे खुशाल समजावे.

आडनावही भरवशाचे नाही. माळव्यात आलेल्या घराचे जुने नाव मागे पडून फडणीस, दप्तरदार, सुभेदार असा हुद्दा नावाला चिकटला. पुढे तो हुद्दा गेला, नाव राहिले. ‘कर’ लावणारी आडनावे गावाचा पत्ता सांगतात खरी. पण कोणत्या मुक्कामाचा? इंदूरकर, ग्वाल्हेरकर, बऱ्हाणपूरकर ही नावे वाटेवरच्या किंवा अखेरच्या वस्तीची आहेत. त्या थराखाली आणखी जुने एखादे ‘कर’ गाडले गेलेले असते. आणि दत्तक! वंशवृक्षावर सरळ रेघ ओढलेली असते, पण ती रेघ एका घरातून दुसऱ्या घरात उडी मारून आलेली असू शकते. दत्तक मुलाचे गोत्र बदलले की त्याच्या जन्मदात्या कुळाची वाट त्या कागदापुरती बुजते.

अनेक वंशवृक्षांत एका नावापुढे ‘पानिपती पडले’ असे लिहिलेले असते. त्यातले पुष्कळ खरोखरच पडले. परंतु ज्याचा ठावठिकाणा लागला नाही, जो परमुलखात राहून गेला किंवा घर सोडून नाहीसा झाला, त्यालाही पुढच्या पिढीने पानिपतावर नेऊन ठेवले असावे, असा संशय घेण्यास जागा आहे. युद्धानंतर कित्येक वर्षे माणसे परत येण्याची वाट पाहिली जात होती. भाऊसाहेबांच्या तोतयास प्रत्यक्ष भाऊच समजणारे लोक निघाले आणि १७७६ मध्ये त्याचा शेवट होईपर्यंत राज्यात खळबळ माजली. खुद्द पेशव्यांच्या घरी माणूस ओळखण्याची ही कथा, मग साध्या शिलेदाराच्या विधवेने कोणावर विश्वास ठेवावा?

जगाच्या दुसऱ्या टोकाला याच शतकात अशीच एक हालचाल चालू होती. १७७५ मध्ये डॅनियल बून आणि त्याचे सुमारे तीस सोबती कुऱ्हाडींनी झाडे तोडीत कंबरलँड खिंडीतून केंटकीकडे वाट काढीत होते. त्या वाटेने पुढे हजारो कुटुंबे गेली. त्यांचे वंशजही आज मूळ गाव शोधीत आहेत. त्यांच्यापाशी आमच्यासारखा पंडा नाही. घरच्या बायबलच्या कोऱ्या पानांवर लिहिलेले जन्म-मृत्यू, परगण्याच्या कचेरीतील जमिनीची खरेदीखते आणि लढाईत नोकरी केलेल्यांचे निवृत्तिवेतनाचे अर्ज ही त्यांची साधने. तेथे १७९० पासून दर दहा वर्षांनी खानेसुमारी होते; पण १८४० पर्यंत तीत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव लिहीत, बाकीचे नुसते आकडे. सर्व स्वतंत्र माणसांची नावे आली ती १८५० मध्ये. गुलाम मात्र त्या खेपेसही वेगळ्या यादीत, वय आणि लिंग एवढ्याच ओळखीने, बहुधा नावावाचून राहिले. १८९० च्या खानेसुमारीचे कागद तर १९२१ मध्ये वॉशिंग्टनला आग लागून बहुतांशी गेले.

ती नावाविना यादी वाचून माळव्याकडे पाहिले की आपल्याकडील पोकळीही दिसू लागते. नर्मदा काही फक्त सरदार आणि फडणीसच उतरले नाहीत. मागून बारगीर आले, घोड्यांचे मोतद्दार आले, तंबू वाहणारे आले, कुणबिणी आल्या. पेशवाईच्या कागदांत कुणबिणीची किंमत नोंदलेली सापडते. तिच्या बापाचे नाव सापडत नाही. दक्षिण महाराष्ट्रात शेतकरी घरांची नावे तोंडपाठ व वहीत ठेवणारे हेळवी बैलावर बसून गावोगाव फिरत आले आहेत. एखाद्या घरची शाखा माळव्यात गेली असेल तर मागे राहिलेल्या भावकीची नावे तरी त्यांच्यापाशी मिळण्याचा संभव असतो. पण ज्याची भावकीच गावात उरली नाही, त्याच्यासाठी कोणी वही मांडलेली नाही.

कागदांनाही या भूमीत सुख लाभले नाही. १८०१ च्या जुलैत यशवंतराव होळकरांनी उज्जैनजवळ शिंद्यांच्या फौजेचा फन्ना उडविला; ऑक्टोबरात सर्जेराव घाटग्याने इंदूर लुटून त्याचा सूड घेतला. १८१० नंतर दरबाराबरोबर अनेक कुटुंबे लष्करास गेली. एका भावाने दप्तर नेले, दुसऱ्याने देव नेले. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले, १९५१ च्या कायद्याने जहागिरी गेल्या, आणि ज्या सनदांमुळे जमीन हाती राहत होती त्या एका रात्रीत निरुपयोगी ठरल्या. वाडे विकले गेले तेव्हा रुमाल रद्दीत गेले. एक आण्याला शेर या भावाने पिढ्या विकल्या गेल्या म्हटले तरी फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

जे वाचले त्यामागे काही माणसांचे कष्ट आहेत. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ यांचा पहिला खंड काढला. सरदेसायांच्या देखरेखीखाली पेशवे दप्तरातील निवडक कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ भागांत छापले गेले. आनंदराव भाऊ फाळके यांनी कोट्याच्या गुळगुळे घराण्याकडील पत्रे ‘शिंदेशाही इतिहासाची साधने’ या नावाने प्रसिद्ध केली. शिंद्यांच्या कारभारातील कितीतरी साध्या कारकुनांची नावे या खंडांत भेटतात, आणि घरचा कागद हरवलेल्याने तेथे अवश्य शोध घ्यावा. उज्जैनमध्येच १९३१ मध्ये स्थापन झालेली सिंदिया प्राच्यविद्या संस्था पुढे विक्रम विद्यापीठात गेली. तेथील हस्तलिखितांचा संग्रह मोठा आहे. यात एक नवलाची गोष्ट अशी की अमेरिकेतील युटा प्रांतात, जेथे १८४७ मध्ये बैलगाड्यांनी वस्ती करणारे पोहोचले, तेथील वंशावळी जमविणाऱ्या संस्थेने गेल्या शतकाच्या आठव्या दशकापासून हरिद्वारादी तीर्थांच्या वह्यांची सूक्ष्मचित्रे घेण्यास आरंभ केला. आमच्या पंड्यांच्या वह्या त्यांच्या डोंगरातल्या तळघरात सुरक्षित आहेत, आणि आमच्या घरच्या पत्रिका माळ्यावर कसरीच्या तोंडी.

रामघाटावरचा गृहस्थ बहुधा पुढल्या वर्षी पुन्हा येतो. मधल्या काळात त्याने लष्करच्या चुलत घरी पत्र घातलेले असते, महालयाची जुनी यादी मागविलेली असते, नाशिकच्या उपाध्यायाकडे जाऊन लेखाचा फोटो काढून आणलेला असतो. गावाचे नाव मोडीत आहे. पहिली दोन अक्षरे लागतात, तिसऱ्याविषयी वाद आहे. पंडा ते दोन्ही प्रकारे वाचून पाहतो, आत जाऊन दोन वह्या आणतो आणि पहिली उघडतो.